शेतात निघालेला दागिना : कधीचा, कोणाचा आणि कळवायचा कुठे?



मेटल डिटेक्टर आता मोबाइलवरून मागवता येतो. त्यामुळे भात कापून झालं, खाचरं वाळली की एक प्रश्न हमखास येतो. "दादा, शेतात मशीन फिरवलं तर जुनं सोनं-नाणं लागेल का? आणि लागलं तर ते जुनं आहे हे ओळखायचं कसं?" अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर पट्ट्यातून तर हा प्रश्न जास्तच येतो. एका बाजूला हजार वर्षांचं शिवमंदिर, दुसऱ्या बाजूला रोज एक नवा प्लॉट आणि जेसीबी. म्हणून आज खत-बियाण्याची गोष्ट बाजूला ठेवून याच विषयावर सविस्तर लिहितोय. थोडं लांब आहे, पण पूर्ण वाचा. यात कायद्याची एक गोष्ट आहे, ती प्रत्येक जमीनमालकाला आणि प्रत्येक मजुराला माहीत असायला पाहिजे.

दागिना शेतात येतो कसा?

ओळख पटवायची सुरुवात इथून करायची. वस्तू मातीत चार वाटांनी येते.

पहिली वाट, हरवलेली वस्तू. आपल्याकडे भाताची लावणी होते. बाया तासन् तास चिखलात वाकलेल्या असतात. चिखल पाय धरून ठेवतो, पाय उचलताना बोटातलं जोडवं, मासोळी सुटते. आवण काढताना बांगडी फुटते. अशी वस्तू एकटी सापडते, आजूबाजूला काही नसतं.

दुसरी वाट उकिरड्याची. घरातला केर, चुलीची राख, फुटक्या बांगड्या, सगळं उकिरड्यात जायचं आणि शेणखताबरोबर शेतात पसरायचं. म्हणून कुठल्याही जुन्या शेतात काचेच्या बांगडीचे तुकडे विरळ-विरळ सापडतात. तेवढ्यावरून "इथं जुनं गाव होतं" असं म्हणता येत नाही. पण एकाच जागी खापऱ्या, राखाडी माती, हाडं, बांगड्या आणि मणी दाट सापडले तर गोष्ट वेगळी. घाटावर अशा जागेला पांढर म्हणतात. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढर म्हणजे वस्तीची. पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या माणसांच्या राखेनं, शेणानं, भिंतींच्या मातीनं ती जमीन बनलेली असते. लोक ती खणून खत म्हणून शेतात टाकायचे, धाब्याच्या घरावर पसरायचे. किती जुनी गावं अशी गाड्या भरून गेली त्याचा हिशेब नाही.

तिसरी वाट, मुद्दाम पुरलेलं. दुष्काळ, दरोडा, स्वारी, भाऊबंदकी. माणसं गाडग्यात किंवा तांब्यात ऐवज घालून पुरायची आणि काही वेळा परत यायचीच नाहीत. असा ठेवा एकत्र असतो, भांड्याचे तुकडे सोबत निघतात.

चौथी वाट आपल्या भागात हल्ली सगळ्यात मोठी आहे, ती म्हणजे भराव. कुठल्या तरी टेकडीची, कुठल्या तरी जुन्या वाड्याच्या पायाची माती डंपरनं येऊन पडते. तिच्यात सापडलेली वस्तू तुमच्या जमिनीचा इतिहास सांगत नाही. म्हणून पहिला प्रश्न वस्तूला नाही, मातीला विचारायचा : ही माती इथलीच आहे का?

मशीन काय सांगतं, काय सांगत नाही

डिटेक्टरच्या चकतीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातू आला की त्या धातूत वीज फिरते आणि तिचा प्रतिसाद मशीन पकडतं. पण आपली जमीन बेसॉल्टपासून झालेली आहे. तिच्यात मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजं भरपूर. तांबड्या जांभ्याच्या मातीतही लोह आहेच. त्यामुळे साधं मशीन आपल्याकडे उगाच कुरकुरतं आणि खोलवरचं पकडायला कमी पडतं. जाहिरातीत लिहिलेली खोली आपल्या शेतात मिळेलच असं नाही.

दुसरं म्हणजे मशीनवरचा आकडा धातूचं नाव सांगत नाही. बारीक सोन्याची अंगठी आणि अ‍ॅल्युमिनियमचा चुरगळलेला पत्रा किंवा कॅनची कडी जवळपास सारखाच आकडा देतात. आणि काचेची बांगडी, शंखाची बांगडी, अकीकाचा मणी हे मशीनला दिसतच नाही. इतिहासाच्या दृष्टीनं बऱ्याचदा हेच तुकडे जास्त बोलके असतात. नांगरटीनंतर पहिला जोराचा पाऊस पडला की डोळ्यांनी बघत फिरलेला माणूस मशीनवाल्यापेक्षा जास्त शिकतो. मराठवाड्यातल्या तेर गावचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या परिसरात उघड्या पडणाऱ्या अशाच वस्तू वर्षानुवर्षं जमवल्या. सातवाहन काळच्या त्या मोठ्या बाजारपेठेची ओळख आज त्यांच्या नावाच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात बघायला मिळते.

उल्हासनगरच्या बाजूला एक जास्तीची सावधगिरी. दुसऱ्या महायुद्धात तिथं लष्कराची मोठी छावणी होती, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना त्याच बराकींमध्ये ठेवलं आणि १९४९ मध्ये उल्हासनगर नाव पडलं. त्यामुळे त्या मातीत लष्करी बटण, बिल्ला, पट्ट्याचं बक्कल निघू शकतं, तसंच काडतूसही निघू शकतं. लांबट, जड, गंजलेली, शंका येईल अशी वस्तू दिसली तर हात लावायचा नाही. लांब व्हायचं, ११२ ला फोन करायचा.

आधी रंग बघा, मग वजन

मातीतून आलेला धातू आपली ओळख गंजातून सांगतो. सोनं गंजत नाही. हजार वर्षांनी काढलं तरी पिवळं. चांदी काळी पडते. भाताच्या खाचरात तर हमखास, कारण पाणी साचलं की मातीतला प्राणवायू संपतो, जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात आणि त्यानं चांदीवर काळा थर चढतो. तांबं, पितळ, कासं हिरवं होतं. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर क्षारानं वस्तू आतून खाल्ली जातेय असं समजा. खारजमिनीत हे जास्त होतं. लोखंडाचा तांबडा फुगीर गोळा होतो. आपली कोकणपट्टीची माती आम्लधर्मी, त्यामुळे हाडं लवकर विरतात. घाटावरच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत ती टिकतात. म्हणूनच नेवासे, इनामगाव इथली हजारो वर्षांपूर्वीची दफनं अभ्यासता आली.

आता एक गोष्ट काळजावर लिहून ठेवा : हिरवा गंज घासायचा नाही. चिंच नाही, लिंबू नाही, राख नाही, ब्रश नाही. का, ते ऐका. नेवासे इथं प्रवरेच्या काठी हसमुख सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात उत्खनन सुरू केलं. तिथं ताम्रपाषाण काळातल्या, म्हणजे तीन हजार वर्षांहून जुन्या, एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली. मण्यांच्या आत ओवलेला दोरा शिल्लक होता! तांब्याच्या क्षारांनी त्याला कुजू दिलं नव्हतं. माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत त्या दोऱ्याची तपासणी झाली. त्यात कापूस आणि रेशीम दोन्हींचे तंतू मिळाले. घोड नदीकाठच्या चांडोलीला अशाच माळेचा दोरा निघाला, तो जवसाच्या धाग्याचा. म्हणजे आपल्या भागात कापूस आणि जवसाचा धागा किती जुना, हे आपल्याला एका लेकराच्या गळ्यातल्या माळेनं सांगितलं. कोणी ते मणी चिंचेनं चकचकीत केले असते तर शेतीच्या इतिहासातलं एक पानच गेलं असतं.

वजनाची कसोटी फक्त स्वच्छ, भरीव धातूसाठी. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा काटा घ्या. आधी वस्तूचं वजन करा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. वस्तू दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. आता जो आकडा येईल त्यानं पहिल्या वजनाला भागा. समजा वाळा ५२.५ ग्रॅमचा आणि पाण्यातला आकडा ५, तर उत्तर १०.५, म्हणजे चांदी. पितळ असतं तर उत्तर साडेआठच्या आसपास आलं असतं. तांबं ८.९, शिसं ११.३, शुद्ध सोनं १९.३, बावीस कॅरेटचं साधारण १७ ते १८. पण आपले कितीतरी दागिने आतून पोकळ किंवा लाखेनं भरलेले असतात. बोरमाळेचे मणी, कोल्हापुरी साजातली पानं, जुन्या पाटल्या. तिथं ही कसोटी फसते, सोनं असूनही आकडा कमी येतो. आणि गंजलेल्या वस्तूला तर पाण्यात घालायचंच नाही.

ही कसोटी आणखी एका कामाची आहे. "खोदकामात सोन्याची माळ सापडली, गरज आहे, स्वस्तात घ्या" असं सांगत येणारी टोळी गावोगाव फिरत असते. तपासायला देतात तो एक मणी खरा असतो, बाकी पितळ. माळ पूर्ण वजन करून बघतो म्हटलं की माणूस निघून जातो.

काळ कसा ओळखायचा?

इथं आपल्या पट्ट्याचं नशीब मोठं आहे. वालधुनीच्या काठचं अंबरनाथचं शिवमंदिर. त्यातल्या शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इ. स. १०६०. शिलाहार राजा छित्तराज याच्या वेळी काम सुरू झालं आणि मुम्मुणीच्या काळात पुरं झालं असं अभ्यासक मानतात. बाहेरच्या भिंतीवरच्या देव-देवता आणि सुरसुंदरी नीट बघा. गळ्यात हार, दंडात केयूर, कमरेला मेखला, पायात नूपुर, कानात मोठी कुंडलं. तारीख माहीत असलेली इतकी दागिन्यांची चित्रं दगडात कोरलेली दुसरीकडे सहज मिळत नाहीत. कोणाच्या शेतात जुना दंडाचा किंवा पायाचा दागिना निघाला तर तुलना करायला पहिली जागा ही. फक्त एक लक्षात ठेवा. मूर्तिकार देवाला घालतो तो दागिना आदर्श असतो, सामान्य कुणबिणीच्या अंगावर तोच असेल असं नाही.

आता त्या सुंदऱ्यांच्या नाकाकडे बघा. नथ शोधा. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी नथीवर अभ्यास केला आणि मांडलं की साधारण हजार वर्षांपूर्वीपर्यंतच्या संस्कृत वाङ्मयात नाकातल्या दागिन्याचा उल्लेख मिळत नाही. आज मराठी बाईची ओळख म्हणजे नथ, पण ती आपल्याकडे तुलनेनं उशिरा आली. म्हणजे शेतात नथीचा किंवा चमकीचा तुकडा निघाला तर "शिलाहार काळातला" म्हणून नाचायचं कारण नाही, तो पुढचा असणार.

त्याआधीचं काय? कल्याण हे दोन हजार वर्षांपूर्वीपासून व्यापाराचं बंदर. समुद्रप्रवासाच्या एका ग्रीक पुस्तकात त्याचं नाव आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांतला एक सामिदत नावाचा सोनार. त्यानं तिथं पाण्याची पोढी खोदून दिली. सातवाहन काळात आपल्या जवळच्या कल्याणला दान देण्याइतका सधन सोनार होता, ही साधी गोष्ट नाही. नालासोपाऱ्याला १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखली जाणारी टेकडी उकरली. आत स्तूप होता. दगडी पेटीत एकात एक करंडे, सगळ्यात आतला सोन्याचा, आणि सोबत सोन्याची फुलं. भगवानलाल यांनी प्रत्येक वस्तू कशात होती ते लिहून ठेवलं, म्हणून तो ठेवा आज अभ्यासता येतो.

या काळातल्या साध्या माणसाचा दागिना म्हणजे शंखाची बांगडी आणि दगडी मणी. शंखाची बांगडी पांढरट, खडूसारखी झालेली असते, घडण मात्र घट्ट. लालसर-नारिंगी अकीकाचा मणी हातात आला तर छिद्र बघा. आपल्या बेसॉल्टमध्ये गारगोट्या, अकीक नैसर्गिकच मिळतात. छिद्र आणि घासलेला चेहरा असेल तरच तो माणसाच्या हातचा, नाहीतर ती नुसती गारगोटी.

बांगडीचा तुकडा सापडला तर त्याचा पूर्ण व्यास काढता येतो. तुकड्याच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर मोजा, आणि त्या रेषेपासून कमानीची उंची मोजा. अंतराचा वर्ग करून त्याला उंचीच्या आठपटीनं भागा आणि त्यात अर्धी उंची मिळवा. ही त्रिज्या. अंतर ४० मिमी, उंची ८ मिमी असेल तर १६०० भागिले ६४ म्हणजे २५, अधिक ४, म्हणजे २९ मिमी. व्यास ५८ मिमी, आजच्या दोन-चार मापाच्या जवळ. व्यास फारच कमी आला तर लेकराची बांगडी. काचेच्या बांगड्यांचा अभ्यास आपल्याच मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी केला, भारतीय काचेच्या इतिहासावर त्यांचं पुस्तक आहे.

पुतळी : व्हेनिसहून आलेली मराठी माळ

घरोघरच्या पेटीत असलेला आणि मातीतही सापडू शकणारा दागिना म्हणजे पुतळ्यांची माळ. ही पुतळी मुळात इटलीतल्या व्हेनिस शहराचं सोन्याचं नाणं, डुकाट. १२८४ मध्ये सुरू झालं आणि १७९७ मध्ये ते राज्य बुडेपर्यंत पाचशे वर्षं जवळजवळ तेच वजन, तेच रूप : साडेतीन ग्रॅम, जवळपास शुद्ध सोनं. मसाल्याच्या आणि कापडाच्या व्यापारातून ही नाणी हिंदुस्थानात आली. एका बाजूला व्हेनिसचा राजप्रमुख संताच्या पुढ्यात गुडघे टेकून झेंडा घेतोय, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या घेरात ख्रिस्त. आपल्या माणसांना त्यात बाहुल्या, पुतळ्या दिसल्या, म्हणून नाव पुतळी. सोनं खात्रीचं, म्हणून कडी लावून गळ्यात.

पुढे आपले सोनारही तसेच ठसे करून पुतळ्या पाडायला लागले. ओळखायचं कसं? मूळ नाण्यावर लॅटिन अक्षरं असतात, वाचता येतील अशी. नकलेत अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या रेघा आणि ठिपके होतात, चेहरे काड्यांचे होतात. अलीकडच्या पुतळीवर थेट लक्ष्मी असते. नक्कल म्हणजे खोटी असं मात्र नाही. सोनं चोख असू शकतं आणि सोनाराची कारागिरी हा आपलाच इतिहास आहे.

इथून एक नियम शिका. कडी लावलेलं नाणं दागिन्याचा सगळ्यात आधीचा काळ सांगतं, शेवटचा नाही. १७०० सालच्या नाण्याची माळ १८५० मध्ये ओवलेली असू शकते आणि १९५० मध्ये खाचरात पडलेली असू शकते. राणीछाप रुपयाच्या माळेचंही तसंच. व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८७७ पासून राणीऐवजी सम्राज्ञी असा किताब आला. वजन ११.६६ ग्रॅम, चांदी जवळपास ९२ टक्के. १९४० मध्ये चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये निकेलचा रुपया आला. त्यावरून माळ कधीच्या आधीची नाही ते कळतं.

अगदी अलीकडच्या वस्तूंच्याही खुणा आहेत. फिरकीचे आटे एकसारखे, यंत्रावर पाडलेले असतील तर दागिना फार जुना नाही. हॉलमार्कचा त्रिकोण असेल तर २००० नंतरचा. सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असेल तर २०२१ च्या आसपासचा किंवा पुढचा. असा दागिना सापडला तर इतिहास शोधायचा नाही, आळीत दवंडी द्यायची. कोणत्या तरी बहिणीचा हरवलेला असतो, तो परत करायचा.

आकड्यापेक्षा जागा मोठी

दोन उदाहरणं सांगतो, दोन्ही आपल्या महाराष्ट्रातली.

१९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथं चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला. १३,२५० नाणी क्षत्रप राजा नहपान याची. त्यांतल्या ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं वरून आपला ठसा मारलेला. गौतमीपुत्रानं नहपानाचा पाडाव केला याचा इतका पक्का पुरावा दुसरा नाही. नाणी एकत्र राहिली, मोजली गेली, म्हणून हे कळलं. सोनारानं वितळवली असती तर पंचवीस-तीस किलो चांदी, बाकी काही नाही.

दुसरं दायमाबादचं. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी १९७४ मध्ये गावातल्या एका भिल्ल माणसाला झुडपाचं मूळ खणताना काशाच्या चार वस्तू लागल्या : बैलांचा रथ, म्हैस, हत्ती आणि गेंडा. सगळं मिळून साठ किलोच्या वर. जगभर त्यांचं नाव झालं. पण त्या रीतसर उत्खननात थरातून निघाल्या नव्हत्या. पुढे पुरातत्त्व खात्याच्या साळी यांनी तिथं उत्खनन केलं आणि त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या गेल्या, तरी धातूच्या घटकांवरून काही अभ्यासकांनी शंका काढली. चार हजार वर्षांपूर्वीच्या की त्यानंतरच्या, हा वाद त्यामुळे रेंगाळला. काढणाऱ्याचा त्यात दोष काहीच नाही. त्याच्यामुळेच त्या जगाला मिळाल्या. पण बाजूच्या मातीचा थर, खोली, सोबतच्या खापऱ्या यांची नोंद वस्तूइतकीच मोलाची असते, हे त्यातून कळतं.

म्हणून काही लागलं तर असं करा. हात थांबवा. वस्तू मातीत असतानाच फोटो काढा, शेजारी दहाचं नाणं ठेवा, ते २७ मिमीचं असतं. मोबाइलवर लोकेशन जतन करा. खोली मोजा. पॉवर टिलर-नांगराच्या थरात, म्हणजे वरच्या वीतभर मातीत असेल तर वस्तू आधीच हललेली आहे. त्याखाली न हललेल्या मातीत असेल तर पुढे खणूच नका, तिथला प्रत्येक इंच पुरावा आहे. जळकी माती दिसली तर आधी आठवा, तिथं राब भाजत होतो का? नाहीतर राबाची राख जुनी चूल समजली जाईल. वस्तू कोरड्या मऊ कागदात, हवा लागेल अशा डब्यात ठेवा. चिकटलेली माती तशीच राहू द्या.

कायदा काय म्हणतो

लोक घाबरतात ते इथं. "सांगितलं तर सरकार सगळं नेईल." म्हणून वस्तू रात्री सोनाराकडे जाते आणि सकाळी तिची लगड झालेली असते. कायदा नीट वाचला तर चित्र वेगळं दिसतं.

१८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. मातीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली तर सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं : काय सापडलं, अंदाजे किंमत, जागा, तारीख. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा मागाल तेव्हा हजर करतो अशी हमी द्यायची. अंबरनाथ तालुक्यासाठी म्हणजे ठाण्याचे जिल्हाधिकारी. अर्ज तलाठी-तहसील कार्यालयामार्फत करत असाल तर पोच घ्या, पंचनाम्याची प्रत मागा. मग जाहीर नोटीस निघते, दावेदारांना मुदत मिळते. मालक कोणी ठरला नाही आणि दोघांत वेगळा करार नसेल तर तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा, एक चतुर्थांश जमीनमालकाचा. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जादा देऊन ती घेता येते. धातूची किंमत एक लाख असेल तर एक लाख वीस हजार : नव्वद हजार सापडणाऱ्याला, तीस हजार मालकाला. लपवलं तर सापडणाऱ्याचा वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. मालकानं लपवायला मदत केली तर त्यालाही शिक्षा आहे.

हे परत वाचा. मोठा वाटा सापडणाऱ्याचा आहे, सातबाऱ्यावरच्या नावाचा नाही. आपल्या खाचरात वाकून काम कोण करतं? मजूर बाया, आदिवासी वाडीवरची माणसं. जोडवं, मणी, मोहोर पहिल्यांदा त्यांच्या बोटांना लागते. "माझ्या शेतात सापडलं म्हणजे माझं" म्हणून तिच्या हातातून वस्तू काढून घेणं हे माणुसकीला धरून नाही आणि कायद्यालाही नाही. जमीनमालक मित्रांनो, हे आपल्याला टोचेल, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. अर्जावर सापडणारी म्हणून तिचंच नाव गेलं पाहिजे.

कायद्यात एक उणीव आहे हेही खरं. किंमत धातूची धरतात, इतिहासाची नाही. शंखाच्या बांगडीला किंवा गंजलेल्या मण्याला त्या हिशेबात काहीच मिळत नाही. इंग्लंडमध्ये २००९ मध्ये स्टॅफर्डशायर परगण्यात एका शेतात मशीनवाल्याला सोन्याचा मोठा ठेवा लागला. तज्ज्ञांच्या समितीनं त्याची किंमत ३२ लाख ८५ हजार पौंड ठरवली आणि ती सापडणारा व शेतकरी यांच्यात निम्मी-निम्मी वाटली गेली. शिवाय तिथं १९९७ पासून साध्यासुध्या वस्तूंचीही जागेसकट नोंद करायची सोय आहे. आपल्याकडे दर जिल्ह्यात अशी सोय झाली तर वस्तू लपणार नाहीत, ही मागणी आपण ग्रामसभेतून करायला हरकत नाही.

बाकी दोन गोष्टी. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, १९७२ च्या कायद्यानं ती देशाबाहेर नेता येत नाही. आणि अंबरनाथचं मंदिर केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे, तिथं मशीन फिरवून खणणं हा विषयच नाही. पुरावस्तूंसाठी उत्खनन करायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते, जमीन आपली असली तरी. गुप्तधन काढून देतो म्हणणाऱ्या बाबाला तर वेशीवरूनच परत पाठवा. त्या नावाखालच्या अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून स्वतंत्र कायदा आहे.

आपल्या पट्ट्यात वेळ थोडा आहे. आज जिथं भात आहे तिथं पाच-दहा वर्षांत इमारत असेल, आणि वरची मातीची चादर डंपरमधून कुठल्या तरी भरावात गेलेली असेल. तेव्हा मशीन घ्यायचं की नाही हे तुम्ही ठरवा. पण जमीन विकायच्या, सपाट करायच्या आधी एकदा पावसानंतर खाचर पायी फिरून बघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, कुठल्या बांधाला खापऱ्या निघायच्या, कुठल्या जागेला काय नाव होतं. गट नंबरासकट वहीत लिहून ठेवा, फोटो जोडा, एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक पुरातत्त्व विभागाला पाठवा. त्याला खर्च काही येत नाही, एक सुट्टीचा दिवस जातो.